गुहागरच्या पावसात काळं पडलेलं पातं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मित्राच्या गावी, गुहागर तालुक्यात गेलो. कराडहून एसटी धरली. कुंभार्ली घाटात ढग खिडकीतून आत येत होते आणि चिपळूणला उतरेपर्यंत मी अर्धा भिजलो होतो. पिशवीच्या तळाशी माझी लाडकी सुरी होती. १०९५ जातीच्या पोलादाचं जाड पातं, वर काळा खरखरीत रंग. दिसायला एकदम फौजी.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या काकांबरोबर, तात्यांबरोबर, पडवळाच्या मांडवासाठी चिवे, म्हणजे बारीक बांबू, तोडायला गेलो. त्यांच्या कमरेच्या आकडीत लोहाराने घडवलेली कोयती. ते चिवा सरळ उभा चिरत होते, माझं पातं मात्र मध्येच रुतायचं. खरखरीत रंग लाकडाला धरून बसायचा. "सुरी आहे की कानस रे?" तात्या म्हणाले. त्यात जिथे रंगाचे टवके उडाले होते तिथे दोन दिवसांत तांबडा गंज आला. १०९५ मध्ये साधारण ०.९५ टक्के कार्बन असतो, गंज रोखणारं क्रोमियम जवळजवळ नाहीच. खाऱ्या हवेत दुसरं काय होणार!

मग पडवीत बसून रंगच काढायचं ठरवलं. बाजारातून रंग काढायचं रसायन, पॉलिश पेपर आणि व्हिनेगर आणलं. रसायन अंगणात उघड्यावर, हातमोजे घालून लावलं. त्याचा वास घरात सहन होत नाही. शेजारचा पोरगा ग्राइंडर देत होता, पण पातं तापून निळं झालं की धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलाच. हातानेच घासलं. आधी २२० चा पेपर, मग ४००, शेवटी ६००, आणि तोही कायम मुठीकडून टोकाकडे. आडव्या चऱ्यांत पाणी साचतं. आरसा करायच्या भानगडीत पडलो नाही. कामाच्या सुरीला तो एका दिवसात विटतो. पाठीच्या कडा मात्र काटकोनात ठेवल्या, चकमक घासायला आणि साल खरवडायला लागतात.

उघड्या पोलादावर गंज रोखणारा काळपट थर यावा म्हणून साबणाने तेलकटपणा घालवून पात्यावर गरम व्हिनेगर फिरवलं. राखाडी रंग आला, पण डागाडागांचा. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. "केळफूल चिरलं की माझी विळी आपसूक काळी होते, तुला कशाला हवं ते आंबट पाणी?" त्यांनी हिरडे कुटून उकळून दिले. हिरड्यात टॅनिन भरपूर, लोखंडाशी जमलं की काळं. जुनी शाई अशीच व्हायची. अर्ध्या तासात पातं निळसर काळं झालं. धुतलं, पुसलं, वर खोबरेल.

परत चिवे चिरायला गेलो. रुतणं बरंच कमी झालं. तात्यांनी सुरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता फणस पुढे सरकवला.

चीक पुसून सुरी रात्री कातडी म्यानातच ठेवली, हा माझा गाढवपणा. म्यान भिजलेलं होतं. सकाळी मुठीजवळ तांदळाएवढा तांबडा ठिपका होता. तेल लावून ६०० च्या पेपरने घासला तर गेला, पण तिथलं काळंही गेलं. काकूंकडे पुन्हा हिरडे मागितले.