ईमॅक्समध्ये मराठी लेखन: ‘ऱ्या’चा गुंता सुटला

मी मराठी लिहितो ते ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये. त्यातलं फॉन्टचं आणि समासाचं काम गेल्या महिन्यात उरकलं. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट लावला, ऑलिवेट्टी मोडने मजकूर मधोमध आणला. टायपिंगला ईमॅक्समधलाच इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड-आराखडा आहे, त्यामुळे मराठी चालू असतानाही कंट्रोल-ऑल्टच्या आज्ञा बिनबोभाट चालतात. लिहायचं सुख झालं. अडचणी निघाल्या त्या मजकूर तपासायला बसल्यावर.

एका लेखात ‘दुसऱ्या’ शोधत होतो. डोळ्यांना नऊ ठिकाणी दिसत होता, शोधात पाचच सापडले. न सापडलेल्या एका ‘ऱ्या’वर कर्सर ठेवला आणि कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचं चिन्ह असं दाबून आत काय आहे ते पाहिलं. साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह! मी टाइप केलेल्यांत मात्र शिफ्ट-जे दाबून येणारा ऱ आणि हलन्त होता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ते चार शब्द फोनवर लिहिलेल्या टिपणातून आले होते.

आता फाइल सेव्ह होण्याआधी एक छोटं फंक्शन चालतं. र, हलन्त, जॉइनर दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालतं. कऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, सगळे एका साच्यात आले. रफाराला धक्का लागेल अशी धास्ती होती, म्हणून ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ शेजारी लिहून सेव्ह केलं. दोन्ही जागच्या जागी राहिले. फार बरं वाटलं.

दुसरा बदल म्हणजे खरं तर माघार आहे. पूर्णविरामानंतर दोन स्पेस असतील किंवा ओळ संपत असेल तरच ईमॅक्स ते वाक्य संपलं असं मानतो. बहुतेकांसारखी मीही ही सेटिंग बंद केली होती. मग ‘डॉ. आंबेडकरांनी’पासून सुरू होणारं वाक्य उडवायला ऑल्ट-के दाबलं की नुसतं ‘डॉ.’ उडायचं. ‘प्रा.’, ‘कै.’, ‘सौ.’, सगळीकडे तेच. दोन स्पेस कशासाठी ते तेव्हा कळलं. सेटिंग परत चालू केली. कच्च्या खर्ड्यात दोन स्पेस देतो, पाठवताना एक करतो.

‘लक्ष्मी’मधल्या ‘क्ष्मी’च्या आत कर्सर शिरत नव्हता. ईमॅक्सच्या आवृत्ती २९ मधल्या कंपोझिशन-ब्रेक-ॲट-पॉइंट या सेटिंगने तो शिरतो, पण अक्षर फुटलं की त्या ओळीतला पुढचा मजकूर हलतो. म्हणून ते एका कळीवर ठेवलंय, लागेल तेवढ्यापुरतंच.

आता हनस्पेल, म्हणजे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असले शब्द प्रत्ययांच्या फाइलीत कसे बसवायचे ते बघतोय. कुणी बसवले असतील तर नियम दाखवा.