‘किती दिवस भारतात होतात?’ : आमची वाटचाल

लातूरला औसा रोडवरच्या आमच्या कर सल्ल्याच्या ऑफिसात कुणी आलं की आधी पाणी देतो आणि मग पहिला प्रश्न विचारतो, "गेल्या आर्थिक वर्षात किती दिवस भारतात होतात?" परदेशात राहणाऱ्यांच्या वतीनं बहुतेक वेळा त्यांचे आई-वडीलच आलेले असतात. मग काका बोटं मोजू लागतात. "दिवाळीला आलता, वीसेक दिवस होता. मग बहिणीच्या लग्नाला..." काकू मध्येच दुरुस्त करतात, "वीस न्हाई, तेवीस. मी डबे भरून दिलते की." हा प्रश्न आमच्या अर्जाच्या पहिल्या ओळीत आला त्याला एक कारण घडलं. ते पुढं सांगते.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. आमच्या घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. नंतरच्या कित्येक महिन्यांत मोठ्या माणसांच्या तोंडी एकच शब्द ऐकला : कागद. ज्यांची पेटी ढिगाऱ्यातून निघाली त्यांची कामं पुढं सरकली, बाकीचे खेटे घालत राहिले. वडिलांनी त्यानंतर सातबारा, पासबुकं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या सगळं एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं. ती पेटी आज आमच्या ऑफिसात आहे आणि आमच्या कामाची पद्धतही तिथूनच आली.

बी.कॉम. झाल्यावर सहा वर्षं एका सीएंकडं नोकरी केली आणि २०११ साली स्वतःचं कर सल्ल्याचं काम सुरू केलं. सुरुवातीचे पक्षकार म्हणजे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) घेऊन येणारे गुरुजी आणि आडत बाजारातले लहान व्यापारी. परदेशाचा विषय आम्ही ठरवून घेतला नाही, तो ट्युशन एरियातून, म्हणजे शिकवणी वर्गांच्या भागातून, चालत आला. लातूर पॅटर्ननं ज्या पोरांना इंजिनिअर, डॉक्टर केलं ती पोरं न्यू जर्सी, म्युनिक, लंडन अशी पसरली. त्यांचे वडील आमचे जुनेच पक्षकार. "ताई, पोरगं चाललंय अमेरिकेला, काय काय कागद लागतेत?" या प्रश्नाला आमच्याकडं तेव्हा पुरतं उत्तर नव्हतं.

चूक २०२१ मध्ये झाली. एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं शहरातला प्लॉट ६२ लाखांना घेतला. ५० लाख किंवा त्यावरची मालमत्ता असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरायचा, हे आम्हाला पाठ होतं. आम्ही पॅन घेतला, चलन भरलं, पावती दिली. विकणारा कुठं राहतो, एवढंच विचारलं नाही. तो नऊ वर्षांपासून कुवेतला होता. विकणारा अनिवासी, म्हणजे कराच्या हिशेबानं भारताबाहेर राहणारा, असेल तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. त्या वेळी दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २० टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि कपातीची जबाबदारी पूर्णपणे घेणाऱ्याची. नोटीस विकणाऱ्याला नाही, आमच्या व्यापाऱ्याला आली. विकणाऱ्यानं स्वतःचं विवरणपत्र भरून कर चुकता केला होता म्हणून मूळ रक्कम सुटली, व्याज मात्र सुटलं नाही. लाखाच्या वरचं ते व्याज आम्ही भरलं, दोन हप्त्यांत. व्यापारी नको म्हणत होते, पण विचारायचा प्रश्न विचारला नाही तो आम्ही.

त्या आठवड्यात अर्ज नव्यानं छापला आणि पहिली ओळ बदलली.

आता अशा व्यवहारात सौद्याच्या आधीच विकणाऱ्याकडून कमी कपातीच्या दाखल्यासाठी आयकर खात्याकडं अर्ज करून घेतो. नाहीतर सगळ्या विक्री रकमेवर कपात होते आणि नफा थोडा असला तरी पैसे परताव्यापर्यंत अडकून पडतात. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दर साडेबारा टक्के झाला, पण महागाई निर्देशांकाचा (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायचा) जुना पर्याय फक्त निवासी माणसालाच ठेवला आहे. दोन भावांनी बापाचं घर विकलं, एक लातुरात आणि एक टोरांटोत, तर दोघांचा हिशेब वेगळा निघतो. हे आधी सांगितलं नाही तर भावाभावांत संशय येतो, तो आम्ही आमच्या टेबलावर पाहिला आहे.

दिवसांचा हिशेब वरून सोपा दिसतो. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाची त्या वर्षीची मर्यादा १८२ दिवस, तेवढे दिवस भारतात भरले की तो निवासी. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. म्हणजे दुबईच्या नोकरीला निघालेला पोरगा २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसला तर त्या वर्षी तो अनिवासी, आणि दसरा करून ऑक्टोबरात गेला तर निवासी, तिथला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवायचा. पुढच्या वर्षांत गावी भेटीला आला तरी मर्यादा १८२ च. मात्र भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथं काढले असतील तर ती १२० वर येते. म्हणून पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो दर मार्चला मागवून घेतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यानं कलमांचे क्रमांक बदलले. आम्ही आमच्या कागदावर कलम लिहिणंच सोडलं, तारीख आणि दिवस लिहितो.

बँकेचं खातं हा विषय लोकांना किरकोळ वाटतो. परदेशात स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासीचं इथल्या पैशाचं खातं) करावं लागतं. त्यातल्या व्याजावर ३० टक्के आणि उपकर कापला जातो. बाहेरून आलेला पैसा एनआरई खात्यात ठेवला तर त्याच्या व्याजावर इथं कर नाही. विवरणपत्राला आयटीआर-१, म्हणजे निवासींचा साधा फॉर्म, चालत नाही. आणि सगळ्यात जास्त रडवतो तो ओटीपी. पोरगं निघून जातं, इथलं सिमकार्ड रिचार्जवाचून बंद पडतं, आणि विवरणपत्र पडताळायला कोडच येत नाही. ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर पुढं ती ज्या दिवशी होईल तीच भरल्याची तारीख धरतात, आणि झालीच नाही तर भरलेलं वाया. मग सही केलेली पावती स्पीड पोस्टानं बंगळुरूला पाठवणं हा एक मार्ग उरतो. म्हणून जाण्याआधी नंबर रोमिंगवर चालू ठेवायचा, त्याची जबाबदारी घरातल्या एकावर द्यायची. जुलै २०२३ मध्ये आधार जोडणी नसलेले पॅन निष्क्रिय झाले. अनिवासींना त्या जोडणीतून सूट होती, पण खात्याच्या नोंदीत ते निवासीच दिसत होते. आम्ही तेव्हा रात्री बारापर्यंत पासपोर्टच्या प्रती पाठवत बसलो होतो.

अमेरिकेचं एक कलम तर इथल्या मायेवरच येऊन बसतं. बाप एफडी करतो आणि दुसरं नाव पोराचं लावतो. पोरगा अमेरिकेत करदाता असेल आणि त्याचं नाव असलेल्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्यानं तिथल्या सरकारकडं एफबार नावाचं विवरण द्यायचं असतं. कर लागो न लागो, माहिती द्यायचीच, आणि दंड जबर आहे. बापाला पटत नाही. "पैसा माझा, बँक लातुरातली, त्यायला काय करायचंय?" मी वाद घालत नाही. पोराला फोन लावून देते आणि एफडीची यादी दोघांसमोर वाचते. नाव काढायचं की ठेवायचं ते त्यांनी ठरवावं, पण माहीत असून ठरवावं. शेतीचंही तसंच. सोयाबीनचं उत्पन्न इथं करमुक्त, अमेरिकेत ते दाखवावं लागतं, म्हणून आडत्याची पट्टी फेकू नका असं सांगतो. अनिवासीला वारसानं शेती मिळते, विकत घेता येत नाही. हे न कळल्यानं बांधाशेजारचं रान पोराच्या नावानं घ्यायला निघालेले तिघं आम्ही वेळेत थांबवले.

एक सुखाची गोष्टही आहे. १९८९ च्या भारत-अमेरिका करारामुळं तिथं शिकायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) घेता येतं, जे बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. कॅम्पसवर काम करणाऱ्या पोरांना त्यामुळं परतावा मिळतो. तो कळवणारा फोन मला फार आवडतो.

दवाखान्याचं काम आमच्याकडं एका गुरुजींमुळं आलं. मुलीच्या बाळंतपणाला गुरुजी आणि काकू न्यू जर्सीला निघाले. जायच्या आदल्या आठवड्यात सगळ्यात स्वस्त विमा घेतला. काकूंना बीपी आणि शुगर. तिथं तिसऱ्या महिन्यात छातीत दुखू लागलं, चार दिवस दवाखान्यात राहिल्या. तो विमा ठरावीक रकमेचा होता, खोलीला इतके, तपासणीला इतके, बिल कितीही होवो. शिवाय आधीपासूनचा आजार वगळलेला. उरलेलं बिल जावयानं फेडलं, दोन वर्षं हप्त्यांनी. परत आल्यावर गुरुजी विवरणपत्र भरायला आले आणि बोलता बोलता डोळे पुसू लागले. "लेकीच्या घरी पाहुणा म्हणून गेलो आन कर्ज करून आलो." त्यांचा कर आम्ही दरवर्षी भरत होतो, तिकिटांचे पैसे कुठून आले ते आम्हाला माहीत होतं, पण विम्याचं कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही विमा विकत नाही, आजही नाही. पण पॉलिसी सोबत बसून वाचतो. रक्कम ठरावीक आहे की बिलाच्या प्रमाणात, जुना आजार अचानक बळावला तर काही मिळतं का, दवाखाना विम्याच्या जाळ्यातला आहे का, या तीन गोष्टी पेन्सिलनं खुणावतो. बिल आलं तर घाबरून लगेच भरू नका, तपशीलवार बिल मागा, आणि ना-नफा रुग्णालय असेल तर आर्थिक सवलतीचा अर्ज मागा. तो ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. गुरुजींच्या जावयाला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

सोबत देतो तो औषधांचा कागद. गोळीचं दुकानातलं नाव तिकडं कुणाला कळत नाही, म्हणून मूळ घटकाचं नाव, मात्रा, वेळ, डॉक्टरांची सही, सगळं इंग्रजीत. आपली पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन नावानं मिळते. आखाताला जाणाऱ्यांसाठी तर हा कागद फारच गरजेचा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलची गोळी आपल्याकडं सहज पिशवीत असते, तिकडं ती नियंत्रित औषधं आहेत आणि आधी परवानगी घेतली नाही तर विमानतळावरच अडवतात.

आखातात जाणारे उदगीर, नांदेड, परभणीकडचे खूप. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा, शिक्का असतो. त्याला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे : दोन वर्षांना २७५ रुपये, अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण. एजंट कागद देतच नाहीत, म्हणून आम्ही त्याची प्रत पोराच्या आईकडं ठेवायला लावतो. दुबईत कामगाराचा आरोग्य विमा मालकानं काढायचा, पण बायको-पोरं नेली तर त्यांचा ज्याच्या व्हिसावर नेली त्यानं. ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसासोबतच दर वर्षाचे १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. डॉक्टर आणि नर्स हेल्थ अँड केअर व्हिसावर गेले तर तो माफ. जर्मनीत विद्यार्थ्याला तिशीपर्यंत सरकारी विम्याचा सवलतीचा दर मिळतो. तिशी ओलांडून शिकायला निघालेल्यांनी खाजगी विम्याचा खर्च आधीच धरावा.

इथं राहिलेल्या म्हाताऱ्यांची काळजी मला जास्त वाटते. त्यांचा विमा पोरगा निघण्याआधी काढा, कारण जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांचं आयुष्मान कार्ड निघतं. तरी आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या घरांत ते काढलेलं नसतं. "पोरगा अमेरिकेत, आम्हाला कशाला सरकारचं?" असं म्हणतात. मी म्हणते, काका, रात्री दोनला पोरगा येणार आहे का? आधार आणा, आत्ताच काढू.

आता आम्ही पाच जण आहोत. त्यातली एक जण पूर्वी दवाखान्यात काऊंटरवर होती, औषधांचे कागद तीच करते. त्याचे पैसे घेत नाही. रविवारी संध्याकाळी सातनंतर ऑफिस उघडं असतं, कारण तेव्हा अमेरिकेत सकाळ असते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी उदगीरला बसतो. येताना पासपोर्ट, पॅन, सगळी पासबुकं आणा. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं, चिठ्ठी सापडत नसली तरी चालेल.