तुम्ही विचारलेत म्हणून : अंगणात कृत्रिम हिरवळ का घातली नाही

आमच्याकडे राहायला येणारे पाहुणे एप्रिल-मे महिन्यात अंगणात उभे राहिले की एक प्रश्न हमखास विचारतात, आणि आता शेजारपाजारचेही विचारू लागले आहेत : "पाण्याची एवढी ओढाताण आहे, गवत दर उन्हाळ्यात वाळते, मग ते काढून कृत्रिम हिरवळ का घालत नाही?" प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला वर्षभर विचारत होते, आणि एका टप्प्यावर तर नमुना मागवून, अंगणाची मापे देऊन, दरही ठरवून मोकळी झाले होते. "नको वाटले" एवढेच सांगून आजवर वेळ मारून नेली. पण परवा एका पाहुण्या बाईंना त्यांच्या गावच्या घरासमोर हाच निर्णय घ्यायचा आहे असे कळले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागे जांभ्याचा कातळ, पुढे नारळी-पोफळीचे आगर आणि आगराच्या पलीकडे समुद्र. २०२० सालापर्यंत या अंगणात हिरवळीचा विषयच नव्हता, कारण दोन जुने फणस आणि एक रायवळ आंबा यांच्या दाट सावलीत गवत धरतच नसे. पाऊस संपला की जमीन चोपून, शेणाने सारवून खळे केले जाई आणि पुढचे सात-आठ महिने तिथे सुपारी, कोकम, पापड, फणसपोळी असे काही ना काही वाळत असे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडकडच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमची तिन्ही झाडे त्याच दुपारी गेली. ओंडके हलवायला पुढचा महिना गेला, आणि ते हलल्यावर जे भगभगीत अंगण उरले त्याकडे बघवत नव्हते. पुढच्या पावसाळ्यात रोपवाटिकेतून मेक्सिकन लॉनचे चौकोनी तुकडे आणून आम्ही तिथे ५०० चौरस फूट हिरवळ लावली. त्या वेळी कोणी विचारले असते तर आम्ही शोभेसाठी म्हणून सांगितले असते. आज मला वाटते, पडलेल्या झाडांची जागा दिसू नये म्हणूनच ती लावली होती.

पावसाळ्यात तिचे कौतुक झाले. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. नंतरचे आठ महिने जमीन कोरडीच. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हा हिशेब धरला तर आमच्या ५०० चौरस फुटांना, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरांना, रोज २३० लिटर होतात. नोव्हेंबर ते मे हे सात महिने मोजले तर आकडा ४८,००० लिटरांवर जातो. उन्हाळ्यात माडाला दिवसाला ४० लिटर पाणी दिले तर तो नीट राहतो. म्हणजे पाच-सहा माडांचे पाणी आम्ही रोज अशा गवतावर ओतत होतो, ज्याला ना गुरे तोंड लावत होती ना त्याचे दुसरे काही होत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या मध्याला, सासूबाईंनी तुळशीला पाणी घालता घालता मला हाक मारली आणि तांब्या पुढे करून म्हणाल्या, "हे जरा जिभेवर घेऊन बघ." पाणी मचूळ लागत होते. किनाऱ्यालगतच्या विहिरींत गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते. ती विहीर त्यांच्या आठवणीत मे अखेरपर्यंत गोडी राहिलेली होती. पुढच्या पंधरवड्यात कडेच्या पोफळींच्या पानांची टोके करपल्यासारखी दिसू लागली आणि त्याच दिवशी मी हिरवळीचे पाणी बंद केले. एवढ्यासाठी आगर धोक्यात घालणे कोणालाच मान्य नव्हते.

कृत्रिम हिरवळीचा विचार सुरू झाला तो इथे, आणि तो चुकीच्या हेतूने सुरू झाला असे मी आजही म्हणणार नाही. पाणी नको, कापणी नको, खत नको, हे विक्रेत्याचे म्हणणे खरेच होते. या वस्तूचा जन्मसुद्धा अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९६५ साली छत असलेले अवाढव्य बेसबॉल मैदान उघडले. पारदर्शक छतातून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून छताचे तुकडे रंगवले, तर ऊन तुटून आतले गवत मेले, आणि १९६६ साली तिथे नायलॉनचे गवत अंथरले गेले. तेव्हापासून ॲस्ट्रोटर्फ हे नाव जगभर झाले. आज घरांसाठी मिळते त्यात पाती बहुधा पॉलिएथिलीनची असतात, ती पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या तळात शिवलेली असतात, तळाला लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप असतो, पाणी जायला भोके असतात आणि पाती उभी राहावीत म्हणून वरून वाळू पसरतात.

विक्रेत्याने तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा नमुना म्हणून दिला होता. पाती ३५ मिलिमीटर उंच, त्यांच्या मुळाशी खरे वाटावे म्हणून तपकिरी रंगाची कुरळी दोरी. मी तो अंगणाच्या मधोमध, जिथे मोठ्या फणसाचे खोड होते तिथेच, चार कोपऱ्यांवर चिरे ठेवून अंथरला आणि यजमानांना म्हटले, वर्षभर राहू दे, मग ठरवू. माझ्या हातून या सगळ्या प्रकरणात घडलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच.

मे महिन्यात दुपारी एक वाजता मी अनवाणी त्यावर पाऊल ठेवले आणि लगेच उचलले. शेजारच्या वाळक्या गवतावर पाय चटचटत होता, पण उभे राहता येत होते. इथे ते शक्यच नव्हते. मग कारण वाचून काढले. जिवंत गवत मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेत सोडते, आणि एका लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ती उष्णता जमिनीतून आणि भोवतालच्या हवेतून जाते. प्लास्टिकच्या पात्याला अशी सोय नाही. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. बादलीभर पाणी ओतून पाहिले, तेव्हा तो तुकडा निवला खरा, पण थोड्याच वेळात पुन्हा तसाच तापला. आणि थंड ठेवण्यासाठी रोज पाणी मारायचे असेल तर पाणी वाचवण्याची गोष्टच संपते. आमच्या घरी अंगणातून अनवाणी तुळशीकडे जाणाऱ्या सत्तरी उलटलेल्या सासूबाई आहेत आणि पाहुण्यांची रांगती मुले असतात. माझ्या मनातली पहिली गाठ तिथेच बसली.

पावसाळ्यात पाणी त्या भोकांतून चांगले उतरले, हे सांगितले पाहिजे. त्रास वेगळाच होता. श्रावणापर्यंत पात्यांच्या मुळाशी शेवाळ धरले, वाळूत कुजका पाचोळा आणि माती जाऊन बसली, आणि झाडूने ती निघेना, कारण केरसुणीचे हीर पात्यांत अडकत. दिवाळीच्या सुमारास पाऊस पूर्ण ओसरल्यावर आम्ही तुकडा उचलला. खालची जमीन घट्ट, गुळगुळीत आणि काळपट झाली होती, तिला आंबूस वास येत होता आणि हरळीचे पांढरेफटक धुमारे उजेड शोधत कडेकडेने बाहेर येऊ बघत होते. हातभर अंतरावर, उघड्या जमिनीत, गांडुळांनी वर आणलेल्या मातीच्या गुठळ्या दाट पसरल्या होत्या. तुकड्याखाली मला एकही दिसली नाही. मी बराच वेळ ती चौकोनी जागा बघत बसले. पूर्ण अंगणासाठी तर वरची माती काढून, खडी आणि दगडाची भुकटी पसरून, धुमसून कठीण तळ करावा लागणार होता. तिथे पुढे कधी झाड लावायचे म्हटले तर खणणार कुठे, हे मी विक्रेत्याला विचारले. त्यांनी कुंड्या ठेवा म्हणून सांगितले.

मला वाटते निर्णय खरा तेव्हाच झाला. तीन झाडे गेली म्हणून ऊन आले, ऊन आले म्हणून हिरवळ आली, हिरवळ पाणी मागू लागली म्हणून प्लास्टिक येणार होते, आणि प्लास्टिक आल्यावर झाडाला पुन्हा जागा उरणार नव्हती. सावलीचे नुकसान आम्ही दरवर्षी वेगळ्या वस्तूने झाकत चाललो होतो.

बाकीची कारणे नंतर भक्कम होत गेली. नमुन्याला जिथे चिरा घासला होता तिथली पाती तुटून बारीक हिरवे धागे जमिनीवर पडले होते. बोटावर घेतले तर केसाएवढे. आमच्या अंगणाचे पावसाचे पाणी पन्हळीतून वहाळात, वहाळातून खाडीत आणि तिथून समुद्रात जाते. त्याच पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात अंडी घालतात, आणि आमचे निम्मे पाहुणे त्यांची पिले समुद्रात जाताना बघायलाच येतात. युरोपीय संघाने २०२३ साली कृत्रिम मैदानांत भरल्या जाणाऱ्या प्लास्टिक-रबराच्या दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद करणारा नियम केला. घरगुती हिरवळीत वाळू असते, त्यामुळे तो आपल्या उदाहरणाला तंतोतंत लागू पडत नाही. पण झिजलेली पाती जातात कुठे, हा प्रश्न तोच राहतो.

तर आता अंगणात काय आहे ते सांगते. मेक्सिकन लॉन पाण्याविना गेले. त्याच्या जागी पुढच्या जूनमध्ये हरळी आपसूक पसरली, जिची मुळे आणि कांड्या जमिनीत आधीपासून होत्याच. मे महिन्यात ती पिवळी पडते, पायाखाली कुरकुरते, आणि मेली असे वाटते. पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की आठवड्याभरात हिरवी होते. भाद्रपदात गणपतीच्या दूर्वा तिथल्याच असतात. हा पट्टा साधारण १५० चौरस फुटांचा आहे. उरलेल्या जागेचे पुन्हा खळे केले आहे आणि जाण्या-येण्याच्या वाटेवर चिऱ्यांच्या फरशा बसवल्या आहेत, त्यांच्या फटींत माती ठेवून. फणसाच्या जागी फणसच लावला आहे आणि कडेला एक बकुळ. दोन्ही झाडांना मिळून हिरवळीच्या पाण्याचा दहावा हिस्साही लागत नाही. विहीर गेल्या उन्हाळ्यात मचूळ झाली नाही.

कोणीच कृत्रिम हिरवळ घालू नये, असे माझे म्हणणे नाही. मुंबईत चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत, जिथे खाली स्लॅब आहे आणि दुपारी सावली असते, तिथे कोणी चार हात तुकडा अंथरला तर त्याने कुठल्या गांडुळाची वाट अडत नाही. जमिनीवर घालायचा विचार असेल, आणि तोही कोकणात, तर मी एवढेच सुचवीन की नमुना मागून घ्यावा, तो एक मे आणि एक जुलै अंगणात राहू द्यावा, आणि मग उचलून खाली बघावे. विक्रेत्याला आणखी एक विचारावे : दहा वर्षांनी हे खराब झाले की परत कोण नेणार? पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, लेप आणि वाळू एकमेकांत इतकी अडकलेली असतात की वेगळी करणे कठीण जाते.

आमचा तीन बाय तीनचा तुकडा अजून मागच्या पडवीत गुंडाळून ठेवलेला आहे. भंगार घेणाऱ्याने दोनदा हातात घेऊन परत ठेवला. जाळू मी देत नाही.