सराटे, काळं रान आणि चौदा भोकं

"दोन पॉइंट चारचा नॉबी टाका मालक, कुठंबी घाला," सायकलचा दुकानदार छातीठोकपणे म्हणाला आणि मी भुललो. नॉबी म्हणजे उंच रबरी गुट्ट्यांचा टायर, दोन पॉइंट चार ही त्याची इंचांतली रुंदी. वर टायर ट्यूबलेसचा आहे असंही सांगितलं. घरी येऊन पाहतो तर साधा वायर बीडचा, म्हणजे कडेत तार घातलेला, घडीही न होणारा. पैसे मात्र ट्यूबलेसचे घेतले. तुम्ही घेताना बाजूवर 'ट्यूबलेस रेडी' छापलंय का ते स्वतः वाचा, आणि रिमही तशीच आहे का ते बघा.

पहिल्या दिवशी सोलापुरातून बार्शी रस्त्याने नान्नजचं माळढोक अभयारण्य गाठलं. डांबरावर तो टायर ट्रॅक्टरसारखा घोंघावतो आणि पायातला जीव खातो. अभयारण्यात सायकल घालू नका, हद्दीबाहेरच्या मुरमाड गाडीवाटा पुष्कळ आहेत. काळवीट दिसले. माळढोक दिसला का, हे कृपया कोणी विचारू नका.

माळावर मुरूम टणक असतो, वर बारीक खडी सुटी. तिथे उंच गुट्ट्यांचा टायर वळणावर लडबडतो. मध्ये बुटक्या, दाट गुट्ट्या आणि कडेला जरा उंच, असा सव्वादोन इंची टायर हवा. मागे कमी गुट्ट्यांचा चालतो, पुढे मात्र पकड हवीच. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की मी जसा कोपरावर आलो तसे तुम्हीही याल.

पण खरं दुखणं गुट्ट्यांचं नाहीच, सराट्यांचं आहे, म्हणजे वाटेवर पडलेल्या काटेरी फळांचं. सराटा कसाही पडो, एक काटा वर असतोच. परतताना हवा बसायला लागली म्हणून मी एकेक काटा चिमटीने उपटला आणि दर काट्यामागे फुस्स. आत ट्यूब असेल तर काटा तसाच राहू द्या. भोक त्यानेच बुजलेलं असतं, पंप मारत मारत घर गाठता येतं. मला ते नंतर कळलं. घरी ट्यूब बादलीत बुडवली, चौदा ठिकाणी बुडबुडे. त्याआधी हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याने पाच भोकांचे मोटरसायकलच्या दराने पैसे घेतले होते, तेही भोकागणिक. आधी भाव ठरवा.

म्हणून सोलापुरात आधी सीलंट, म्हणजे भोकं आतून बुजवणारा द्रव, मग टायरची नक्षी. एकोणतीस इंची चाकाच्या सव्वादोन इंची टायरला शंभर-सव्वाशे मिली पुरतं. ट्यूबलेस जमत नसेल तर ज्या ट्यूबच्या व्हॉल्व्हची पिन निघते तिच्यातही भरता येतं. आपल्या उन्हाळ्यात ते आत वाळून रबराची साय होते, दोन महिन्यांनी उघडून बघाच. हवा सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पंचवीस पीएसआयच्या आसपास. ट्यूब असेल तर तिशीच्या खाली जाऊ नका, दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. तुळजापूरच्या बाजूला, बालाघाटातले दगड धारदार आहेत. तिकडे जाडजूड बाजूचाच टायर घ्या, वजनाची कुरकुर करू नका.

दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम सुरेख, शके 940 चा मराठी शिलालेख पाहिला. वाचणारा विजयी होवो, अशा अर्थाचं त्यात आहे. वाचला. त्यानंतर तासाभरात जे झालं ते असं.

रात्री पाऊस झाला होता. परतताना मंद्रूपच्या अलीकडे हायवे टाळायचा म्हणून पाणंदीत शिरलो. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, वेळ दोन तास. काळी माती आधी गुट्ट्यांमध्ये भरली, मग थरावर थर चढून टायर मांडीएवढा झाला. मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या फाट्यात चिखल दाटून चाक जागच्या जागी थांबलं आणि मी जोर लावला तसा डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग जिथे टांगलेला असतो तो तुकडा, वाकला. रुंद टायर आणि फ्रेम यांत बोटभर जागा नव्हती, तिथेच घात झाला. चिखलाला अरुंद, दोन इंचाच्या आसपासचा, विरळ आणि उंच गुट्ट्यांचा टायर लागतो. तो फिरताना माती झटकतो. तरी खरं सांगतो, ताज्या ओल्या काळ्या मातीत कुठलाच टायर चालत नाही. उन्हाळ्यात हेच रान भेगाळतं, तेव्हा मात्र दोन पॉइंट चार कामाला येतो. बारीक चाक भेगेत अडकतं.

सायकल खांद्यावर घेऊन निघालो तर बांधावरचे एक काका उठले. खुरप्याने चाकाची माती खरवडून दिली, पैसे घेतले नाहीत.

"वाफसा आला नाही अजून मालक," ते म्हणाले. "आम्ही बैल घालत न्हाई रानात, तुम्ही सायकल घातली." वाफसा म्हणजे ओली माती कामाजोगी सुकणं.

तेव्हा मंद्रूपला चहाला थांबा आणि पाणंदीत शिरण्याआधी कोणालाही विचारा, वाफसा आलाय का. नाही म्हणाले तर गुमान डांबरावरून या.