चाईवरचे घरगुती इलाज

चाई पडलेली स्वतःला कळत नाही, सलूनवाल्याला कळते. मशीन थांबवून तो म्हणाला, "दादा, मागं चाई पडलीय. किडा लागलाय, लसूण चोळा." केस गळून पडलेली, रुपयाएवढी गुळगुळीत जागा. खाज नाही, आग नाही.

मग आमच्या साताऱ्याच्या घरात ज्याच्या त्याच्याकडं एकेक इलाज निघाला. आत्या म्हणाली, कांद्याचा रस लाव. आईचं माक्याचं तेल तर होतंच. ओढ्याकाठचा माका वाटून त्याचा रस काढायचा आणि खोबरेल तेलात मंद आचेवर आटवायचा. त्या तेलात भिजवलेली वात न तडतडता जळली की तेल झालं. तडतडली तर पाणी अजून आहे. सासरे म्हणाले, खरखरीत पानानं जागा घासून लाल करा आणि वर गुंज उगाळून लावा.

गुंजेला मी साफ नाही म्हणालो. आयुर्वेदात तो लेप आहे, मान्य. पण गुंजेत अब्रिन नावाचं जबर विष असतं, आणि घासून सोललेल्या कातडीवर ते लावायला मी काही तयार नव्हतो. शिवाय लाल-काळी गुंज घरातल्या लहान पोरांना खेळणंच वाटणार.

कांद्याची गोष्ट वेगळी. बगदादच्या डॉक्टरांनी 2002 साली चाईच्या रुग्णांवर तो लावून पाहिला होता, दिवसातून दोनदा. सहा आठवड्यांत 23 पैकी 20 जणांचे केस उगवले. अभ्यास लहान, आणि तो फक्त चाईचा. कपाळ मागं सरकत चाललेली माणसं त्याच भरवशावर कांदे किसत बसतात, त्यांना हे कुणी सांगत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी किड्याची भानगड निकालात काढली. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, पण मूळ मरत नाही. चट्टा एकच आणि लहान असेल तर पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप येतात. घराघरातला इलाज गुणकारी का ठरतो, ते मला तिथंच उमगलं. केस येणारच असतात. त्या वेळी जे लावलेलं असेल, त्याला श्रेय.

माझे आले. आधी पांढरी लव, मग काळे. आई म्हणते माका, आत्या म्हणते कांदा. डॉक्टरांनी त्या जागेवर बारीक सुईनं स्टिरॉइड टोचलं होतं, ते दोघीही हिशेबात धरत नाहीत.