गावाकडे डिमेन्शिया कमी असतो का?

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्या माणसांसोबत काम करते असं सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. शुद्ध हवा, अंगमेहनत, भरलेलं घर. तिकडची म्हातारी माणसं ठणठणीतच असणार. विचारणारे बहुतेक पुण्यामुंबईचे, आणि गाव त्यांनी पाहिलेलं ते मे महिन्याच्या सुट्टीत.

तर, कमी नसतो. जास्तच असतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या लोकांत त्याचं प्रमाण शहरात 5.3 टक्के, तर ग्रामीण भागात 8.4 टक्के निघालं. पुरुषांत 5.8, बायकांत 9. शाळेचं तोंड न पाहिलेलं बालपण, कधीच न तपासलेला रक्तदाब, मशीन न मिळालेले बहिरे कान, या सगळ्यांनी जोखीम वाढते. शुद्ध हवा याला पुरी पडत नाही.

शहरात आजोबांनी एकच गोष्ट चौथ्यांदा विचारली की न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली जाते. गावात ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात, म्हातारी घरचा रस्ता चुकेपर्यंत. नेलंच दवाखान्यात, तर चाचणी काय? तारीख सांगा, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा. जिने जन्मात पेन्सिल धरली नाही, तिचे गुण आजार नसतानाही कमीच यायचे. (निरक्षरांसाठी वेगळी चाचणी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात 90च्या दशकातच हिंदीत तयार झाली होती.)

आणि मग सांभाळणं. पुण्यात ब्युरोची बारा तासांची मावशी महिना वीस हजारांच्या आसपास पडते. परवडत नाही म्हणून कुरकुर करणारी घरं मी रोज बघते, आणि ती खोटी नसते. मावशी सातला गेल्या की रात्र घरच्यांचीच असते. पण मिरज तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या सुनेचा हिशेब वेगळा आहे. खुरपणीला गेली तर तीनशे रुपये रोज. घरी थांबली तर रोज बुडतो. म्हणून सासूला आत ठेवून बाहेरून कडी लावते. तिला निर्दय म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या जागी एक दिवस बसावं, एवढंच मी म्हणते. मुंबईतला दीर फोनवर ‘आईला नीट बघा’ सांगतो, तेव्हा मात्र माझाच तोल जातो.

सरकार मदत करतं की, असं म्हणाल. करतं. प्राप्तिकराच्या नियमांत, जुन्या करप्रणालीत, डिमेन्शियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे: आजार ठरावीक प्रमाणाबाहेर गेलेल्या ज्येष्ठाच्या उपचारांवरच्या एक लाखापर्यंतच्या खर्चाची वजावट. 30 टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून वर्षाला 30 हजारांवर वाचू शकतात. श्रावणबाळ योजनेत 65 पुढच्या गरीब म्हाताऱ्या माणसाला महिना 1500, म्हणजे वर्षाचे 18 हजार. तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला आणि दरवर्षी हयातीचा दाखला देऊन. स्वतःचं नाव न आठवणाऱ्या बाईला एसटीत बसवून तालुक्याला नेणं काय असतं, ते त्या सुनेला विचारा. तिला स्वतःला मात्र दोन्हीकडून काहीच नाही. केरळात ‘आश्वासकिरणम’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये मिळतात. रक्कम नगण्य, थकबाकीची ओरडही मोठी. तरी सांभाळणाऱ्या माणसाच्या नावाचा रकाना तिथल्या कागदावर आहे, आपल्याकडे तोही नाही.

त्या सुनेने माझ्याकडे गोळ्या मागितल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी दोन तास सासूजवळ बसायला कुणी मिळेल का, एवढंच तिने विचारलं. आशाताईंना विचारून पाहिलं. लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, सर्वेक्षणं यातून त्यांना दोन तास निघत नाहीत, आणि या कामाचा मोबदला कुठल्याच यादीत नाही. तिला काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.