तुम्ही विचारलंत म्हणून: तो तक्ता मी का देत नाही

"हॅस्केलमधलं अमुक फंक्शन अर्लँगमध्ये कुठलं, ओकॅमलमध्ये कुठलं, असा तक्ता आहे ना तुमच्याकडे? पाठवा की." प्रोग्रॅमिंगच्या या भाषांबद्दल हे दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. मी टाळतो, मग मी भाव खातोय असं होतं.

तक्ता आहे. मीच केलाय, आणि बराचसा बरोबर आहे. हॅस्केलचं मॅपमेबी (यादीतल्या प्रत्येक घटकावर काम करून, उत्तर आलं तेवढीच ठेवणारं) म्हणजे ओकॅमलचं फिल्टर-मॅप, एफ-शार्प या भाषेतलं चूज. कॉनकॅटमॅप (प्रत्येक घटकाची एक यादी करून त्या सगळ्या जोडणारं) म्हणजे स्काला या भाषेतलं फ्लॅटमॅप, एफ-शार्पचं कलेक्ट. (कलेक्ट स्कालातही आहे, पण त्याचं काम निराळं. हे मी समासात बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणजे कुणी वाचणार नाही अशा बेताने.)

फोल्डएल, म्हणजे यादीतला एकेक घटक घेत एकच उत्तर बनवत नेणारं फंक्शन. त्याच्या ओळीत मात्र सगळीकडे "तेच" लिहून मोकळा झालो होतो.

साठ्याचा हिशोब हॅस्केलमधून अर्लँगमध्ये नेत होतो. सुरुवातीला १००० नग, त्यातले १००, २०० आणि ५० बाहेर गेले. उरायला हवेत ६५०. आले उणे १०५०. हॅस्केलचं फोल्डएल आपल्या फंक्शनला आधी आतापर्यंतचं उत्तर देतं आणि मग यादीतला घटक. अर्लँगचं बरोबर उलटं. त्यामुळे १००० मधून १०० जाण्याऐवजी १०० मधून १००० गेले: उणे ९००. मग २०० वजा उणे ९००, म्हणजे ११००. शेवटी ५० मधून ११००.

उणे आकडा लगेच दिसला असता. पण पुढच्या पायरीत उणे साठा शून्य धरला जायचा, आणि ती पायरीही माझीच. यादीत दोनच नोंदी आणि दुसरी मोठी असली की तर मालाची जावक होऊन साठा वाढायचा. चाचण्या? सगळ्या पास. कारण त्या आवकीच्या होत्या, आणि बेरजेला क्रमाचं सोयरसुतक नसतं. दोन दिवस मी डेटाला शिव्या घातल्या.

"टाइप तपासणारी भाषा घेतली असती तर?" हेही ठरलेलं. टाइप म्हणजे किंमत कुठल्या प्रकारची, आकडा की मजकूर वगैरे. अहो, आतापर्यंतचं उत्तर काय नि घटक काय, दोन्ही पूर्णांकच. टाइप तपासणाऱ्या स्टँडर्ड एमएल या भाषेतही घटक आधी येतो, आणि तिथल्या कंपायलरनेही (प्रोग्रॅम चालवण्याआधी तपासून भाषांतर करणाऱ्या) हे निमूटपणे चालवून घेतलं असतं.

तेव्हाचा मी म्हणेल, क्रम दस्तऐवजात स्पष्ट दिलाय, वाचायचा होतास. मान्य. पण लेका, वाचावं लागू नये म्हणूनच तर तू तक्ता केलास ना?

आता विचारणाऱ्याला मी सांगतो, नाव सोडा, फंक्शनचा टाइप वाचा, क्रम त्यात दिसतो. स्वतः मात्र अजून आधी तक्ताच उघडतो. परवा एकाने कॉनकॅटमॅपला ओकॅमलमध्ये काय म्हणून विचारलं. मी तक्त्यात बघून ठोकून दिलं: कॉनकॅट-मॅप, नावही जवळपास तेच. ते आलं ओकॅमलच्या ४.१० आवृत्तीत. त्याच्याकडे ४.०८ होतं.